जहाजासाठी वाकडं लाकूड

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. तरी नौदलाच्या शिडाच्या एका लढाऊ जहाजासाठी लाकूड पुरवायची निविदा माझ्या हातून भरली गेली, आणि त्यात जी चूक झाली तिच्यावरही माझंच अक्षर आहे. ती हकिगत जशी घडली तशी लिहून ठेवतो.

मी हिवरखेडचा. वडील गावातच मजुरी करायचे, आई दुसऱ्यांच्या कपाशीत निंदणाला जायची. घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. गावच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी सुट्टीच्या दिवशी घरी बोलावून शिकवलं, अकोल्याला वसतिगृहात फुकट जागा मिळाली आणि मी बी.कॉम. झालो. हे मला रोज आठवतं असं नाही, पण विसरलेलोही नाही. पदवीनंतर दीड वर्ष परीक्षांचे फॉर्म भरण्यात गेलं. मग परतवाड्याच्या एका आरा मशीनवर कारकुनाची जागा मिळाली.

शेठ मेळघाटच्या लाकडाच्या डेपोतून लिलावात सागवान घ्यायचे, आपल्या आऱ्यावर चिरायचे आणि त्यातून शाळांची बाकं, वसतिगृहांचे पलंग असा माल करून सरकारी खात्यांना पुरवायचे. खासगी गिऱ्हाईक जवळपास संपलं होतं, लोक लोखंडी आणि प्लायवूडच्या सामानाकडे वळले होते. बारा माणसांचं पोट सरकारी निविदांवर चालत होतं. निविदा सगळ्या ऑनलाइन आणि बहुतेक इंग्रजीत. शेठचं शिक्षण सातवीपर्यंत. म्हणून मी. त्यांच्या डिजिटल सहीचा पेन ड्राइव्हसुद्धा माझ्या ड्रॉवरमध्ये असायचा. परीक्षेसाठी सुट्टी मागितली तर त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, पगारही कापला नाही. हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

आऱ्यावर मुख्य माणूस म्हणजे मिस्त्री. सत्तरीकडे झुकलेले. लठ्ठ्यावर, म्हणजे लाकडाच्या ओंडक्यावर, दोन ठिकाणी कुऱ्हाडीचा दांडा ठोकून आत पोकळ आहे की नाही हे सांगायचे, आणि ते चुकल्याचं मी पाहिलं नाही. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला बाबू.

एका वर्षी पोळ्याच्या सुमारास ती निविदा दिसली. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका जहाजबांधणी कारखान्याने काढलेली. मी पहिल्यांदा वाचली ती निव्वळ कुतूहलाने. केंद्राच्या एका खात्याने निधी मंजूर केला होता, आपल्याकडे पूर्वी बांधत तसं तोफांच्या जागा असलेलं, शिडावर चालणारं लढाऊ जहाज नव्याने बांधायला. नौदल त्यावर देखरेख करणार आणि झाल्यावर तेच ते वापरणार, नव्या खलाशांना वारा शिकवायला आणि मान्यवर पाहुण्यांसमोर न्यायला. निधी एकदम मिळणार नव्हता. जहाजाचा कणा बसला की एक हप्ता, फासळ्या उभ्या राहिल्या की दुसरा, फळ्या लागल्या की तिसरा. कारखान्याने लाकूड, दोर, शिडाचं कापड आणि लोखंडी काम यांच्या वेगवेगळ्या निविदा काढल्या होत्या. फासळ्यांच्या सागवानाची निविदा लहान होती, आमच्यासारख्या छोट्या पुरवठादारांसाठी राखीव. आमच्या हिशेबाने मात्र ती आजवरची सगळ्यात मोठी होती.

शेठना मी ती मराठीत सांगितली. ते गादीवर बसून ऐकत होते, मिस्त्री दारात उभे होते. सगळं ठीक चाललं होतं. मग ती अट आली. फासळ्यांचं लाकूड झाडावर असतानाच वाकलेलं असावं, सरळ लाकूड कापून वाकडं केलेलं चालणार नाही. सोबत नकाशा होता, त्यात सात प्रकारचे बाक, म्हणजे लाकडाची वळणं, काढलेले.

शेठनी ते पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"लिवणाऱ्याचं चुकलं असन," मिस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, मामा, एकदा नाही, दोनदा लिहिलं आहे, नकाशाही दिला आहे.

"मंग दोनदा चुकलं. आरामखुर्चीवर बसून लिवते थे लोकं. वाकडं लाकूड कोन मांगते?"

त्यांच्या म्हणण्याला आधार होता. आमच्या व्यवसायात लाकडाची प्रत सरळपणावर ठरते. डेपोत सरळ, लांब, बिनगाठीचा लठ्ठा पहिल्या प्रतीचा. थोडा बाक असला की प्रत उतरते. फार वाकडा असला की तो तोडून जळतनाच्या ढिगात जातो. आमच्याकडेही आऱ्यामागे एक ढीग होता, त्याला सगळे 'बाद' म्हणायचे. चाळीस वर्षं मिस्त्रींचं काम हेच, बाद ओळखून बाजूला टाकणं.

शेठची अडचण वेगळी होती. सरकारी पुरवठा करणाऱ्यावर लोक पहिला संशय घेतात तो वाईट मालाचा. त्यांनी आयुष्यभर तो संशय अंगाला लागू दिला नव्हता. ते म्हणाले, "देशाच्या जहाजाले वाकडं लाकूड देलं, अन् उद्या कोनी म्हनलं का परतवाड्यावाल्यानं जळतन पाठवलं, तर तोंड कुठी दाखवू? आपन जाड माल देऊ, एक नंबर. त्यायनं कापून घ्यावं पायजे तसं."

निविदेत शंका विचारायला आठ दिवसांची मुदत होती. एक मेल पाठवला असता तर पुढचं काही घडलं नसतं. मी पाठवला नाही. मिस्त्रींना लाकडातलं कळतं आणि मला फक्त इंग्रजी, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. शिवाय त्या दोघांसमोर मोठेपणा करणं बरं दिसलं नसतं.

निविदेला एक तक्ता जोडायचा असतो. डावीकडे प्रत्येक अट, उजवीकडे पुरवठादाराचं उत्तर. सगळीकडे 'मान्य' लिहायचं ही पद्धत आहे. एक जरी 'अमान्य' लिहिलं तर निविदा उघडतानाच बाहेर. मी वरून खालपर्यंत 'मान्य' लिहीत गेलो. वाकड्या लाकडापुढेही लिहिलं. पेन ड्राइव्ह लावून शेठची सही केली.

आमचा दर सगळ्यात कमी निघाला आणि कंत्राट आम्हाला मिळालं. शेठनी आऱ्यावर सगळ्यांना पेढे वाटले आणि लिलावाच्या वेळी डेपोतल्या माणसांनाही दिले. मोबाइलवर स्टेटस ठेवलं, देशाच्या जहाजाला परतवाड्याचा साग. पुढचे दोन महिने मिस्त्रींनी स्वतः लिलावाला जाऊन एकेक लठ्ठा निवडला. साठ नगांची मागणी होती. साठ लठ्ठे रांगेत लावले तेव्हा एका टोकाला त्यांच्या कडेशी डोळा लावून पाहिलं तर पलीकडचा माणूस दिसायचा. आमच्या आऱ्यावर इतका चांगला माल एकत्र कधीच आला नव्हता. हे मी आजही म्हणेन.

माल पाठवण्याआधी तो आमच्या जागेवर तपासला जाणार होता. कारखान्याकडून एक इंजिनिअर बाई आल्या, पस्तिशीच्या. कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या. बडनेऱ्याला गाडीतून उतरून तशाच आल्या होत्या, काखेत पातळ प्लायवूडचे सात साचे दोरीने बांधलेले. चहा घेतला नाही, आधी माल पाहू म्हणाल्या. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, एका लठ्ठ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"इतका चांगला साग मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "पण हा मी मागितलेला नाही."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

बाईंनी एक साचा लठ्ठ्यावर ठेवला, खडूने त्याची कड आखली आणि मिस्त्रींना जवळ बोलावलं. लाकडाचे तंतू सरळ जात होते आणि खडूची रेघ वाकून त्यांना दोन ठिकाणी तोडून जात होती. त्या म्हणाल्या, इथे आणि इथे तंतू तुटणार, बाहेरून लाटेचा मार बसला की फासळी इथेच फाटणार. झाड वाढतानाच वाकलं असेल तर तंतू बाकाबरोबर वळतात, ते फाटत नाही.

मिस्त्री खाली वाकून त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिले. "नांगराचं असंच राह्यते," ते म्हणाले. फक्त एवढंच. नंतर मला कळलं की ते सुताराच्या घरचे. त्यांचे वडील नांगर करायचे आणि त्यासाठी बाभळीची वाकडीच फांदी शोधायचे, सरळ लाकूड कापून केलेला नांगर काळ्या मातीत एका हंगामातही टिकत नाही. लहानपणी ते वडिलांबरोबर अशा फांद्या शोधत नाल्याकाठाने फिरले होते. आऱ्यावर आल्यावर ते ज्ञान कामाचं उरलं नाही.

साठही नग नाकारले गेले. ऑफिसमध्ये बसून बाईंनी पुढचं सांगितलं. फासळ्या मार्चअखेर उभ्या राहिल्या नाहीत तर निधीचा दुसरा हप्ता मिळणार नाही आणि त्या वर्षासाठी ठेवलेली रक्कम परत जाईल. म्हणून मुदत सहा आठवडे. तेवढ्यात योग्य लाकूड दिलं नाही तर करार रद्द, सुरक्षा ठेव जप्त, आणि आमचं नाव सरकारी पुरवठ्यातून तीन वर्षांसाठी बाद करण्याचा प्रस्ताव जाईल. ठेव गेली असती तरी शेठ सावरले असते. तीन वर्षं सरकारी निविदा बंद म्हणजे आरा बंद. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळत होतं. साच्यांच्या नकला त्या आमच्याकडे ठेवून गेल्या.

करारभंगाबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. शेठनी अमरावतीच्या एका वकिलाला विचारलं. वकिलाने सांगितलं, अट संदिग्ध होती असं लिहा, पुढे वाद घालायला जागा राहते. शेठनी मला तसं लिहायला सांगितलं.

मी कागद समोर घेऊन बसलो. मला ते लिहिता येईना. मी म्हटलं, शेठ, अट संदिग्ध नव्हती. त्या अटीपुढे आपण 'मान्य' लिहिलं आहे. मी लिहिलं आहे.

"सगळेच लिवतेत मान्य."

"हो. पण बाईंनी तो तक्ता सोबत आणला होता. त्यांना काय घडलं ते माहीत आहे. आपण खोटं लिहिलं तर पुढचे सहा आठवडे तरी त्या कशाला देतील?"

शेठ म्हणाले, "खऱ्याचा पुतळा झाला गड्या तू. तुह्या खऱ्यानं आरा नाई चालत, इजेच्या लायनीनं चालते." आणि उठून बाहेर गेले. नाही म्हटलं नव्हतं, म्हणून मी लिहिलं. चार वाक्यं. अट स्पष्ट होती. आमच्या व्यवसायातल्या सवयीमुळे आम्ही ती चूक समजून बाजूला ठेवली. शंका विचारायची मुदत होती, विचारली नाही. दिलेल्या मुदतीत साच्याप्रमाणे जितकं लाकूड मिळेल तितकं देऊ. शेठची सही घेतली. त्यांनी वाचून न घेता केली.

मग मी आणि मिस्त्री वाकडं लाकूड शोधायला निघालो. डेपोतलं वाकडं लाकूड जळतनासाठी आखूड तोडलेलं असतं, ते उपयोगाचं नव्हतं. नवीन झाड तोडायला परवानगी लागते आणि तिला सहा आठवडे पुरत नाहीत. उरले दुसऱ्या आऱ्यांमागचे ढीग आणि शेतकऱ्यांच्या वाड्या-वखारीत पडून असलेले जुने लठ्ठे. शेअर जीपने, एस.टी.ने आम्ही अंजनगाव, अकोट, अकोल्याचा लाकूड बाजार असं फिरलो. साचे माझ्या काखेत असायचे. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने आपल्या माणसांना हाका मारून गोळा केलं आणि सांगितलं, पाहा, परतवाड्याहून बाद माल विकत घ्यायला आले आहेत, काल-परवापर्यंत हेच लोक आपल्या एक नंबर मालात बाक काढायचे. मिस्त्री ढिगावर चढले आणि त्यांनी एकेक नग उलटवून पाहायला सुरुवात केली. तिथे आम्हाला नऊ मिळाले. त्यांनी त्या व्यापाऱ्याला भाव कमी करायलाही सांगितलं नाही.

मिस्त्री साचा न लावताच ओळखायचे, हा तीन नंबरचा, हा पाच नंबरचा. साचा लावायचो मी. बहुतेक वेळा बसायचा.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघांनी वेगळी पाहिली. लाकूड कायदेशीर आहे याचा पुरावा म्हणजे वनखात्याचा वाहतूक पास आणि लठ्ठ्यावर हातोड्याने मारलेला शिक्का. ते नसलेलं लाकूड कितीही चांगलं असलं तरी देता येत नव्हतं. हिवरखेडला माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या घरामागे एक लठ्ठा होता, वीस वर्षांपासून लोक त्यावर बसायचे. बाक सात नंबरच्या साच्याचा, सगळ्यात मोठा, जहाजाच्या अगदी पुढच्या फासळीचा. आठवडाभर त्याच्यासाठी आम्ही फिरत होतो. मिस्त्रींनी साचा लावला. एका बोटाचीही फट राहिली नाही. शेतकरी फुकट द्यायला तयार होता. शिक्का नव्हता, पास नव्हता.

मिस्त्री म्हणाले, आपल्याकडच्या जुन्या पासवर एक नग वाढवून टाक, जहाजात बसल्यावर शिक्का कोण पाहणार. मी नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही, पण माझ्या घरी जेवायला बसल्यावर वडिलांकडे तक्रार केली. "तुमचं पोरगं कागदाले लय भेते."

वडील भाकरी मोडत होते. ते म्हणाले, "भेलंच पायजे. आमाले कागद वाचताच येत नव्हता, मिस्त्री. म्हनून आमी कोनालेबी भेत होतो."

परतीच्या जीपमध्ये अकोट येईपर्यंत मिस्त्री माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी माझा चहाही सांगितला.

मुदत संपताना आमच्याकडे अडतीस नग होते, सगळे पासचे. सात नंबरचा एकही नव्हता. बाई पुन्हा आल्या. या वेळी रांग डोळ्यांना चांगली दिसत नव्हती, कुणी जाणाऱ्याने पाहिलं असतं तर हसला असता. बाईंनी दिवसभर एकेका नगावर साचा ठेवला, तंतूंवर बोट फिरवलं, पास आणि शिक्का जुळवला. तीन नगांच्या टोकाला कीड निघाली, चार जरा बारीक पडले. एकतीस पास झाले. मिस्त्री प्रत्येक नगाजवळ त्यांच्याबरोबर उभे होते. नाकारलेल्या सातांपैकी सहांवर त्यांनी स्वतःच आधी बोट ठेवलं होतं. सातव्यावर दोघांचं मत वेगळं झालं. बाईंनी त्याच्याकडे दोनदा पाहिलं आणि नाही म्हणाल्या.

शेठनी बाईंना विचारलं, आमचं काय होईल. त्या म्हणाल्या, ते ठरवणं माझ्या हातात नाही, मी फक्त काय पाहिलं ते लिहिते. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे चहा घेतला.

पुढचे वीस-बावीस दिवस आऱ्यावर हाती असलेली कामं चालू होती, पण नवीन निविदा भरायला शेठ सांगत नव्हते आणि मीही विचारत नव्हतो. दोन कामगारांनी अमरावतीच्या फर्निचरच्या कारखान्यात चौकशी करून ठेवली होती, हे मला माहीत होतं आणि शेठनाही. शेठनी त्या दोघांना अडवलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला मेल आला. मी तो छापून काढला आणि शेठना पूर्ण मराठीत सांगितला, एकही ओळ न गाळता. एकतीस नग स्वीकारले. उरलेल्या नगांचा आदेश रद्द करून तो दुसऱ्या पुरवठादाराला दिला, दरातला फरक आमच्या ठेवीतून वळता होणार. उशिराबद्दल दंड. नाव काढून टाकण्याचा प्रस्ताव पुढे पाठवलेला नाही, लेखी इशारा देऊन प्रकरण बंद. कारण दिलेलं नव्हतं. आमच्या चार वाक्यांच्या पत्राचा फक्त संदर्भ क्रमांक वर छापलेला होता.

"म्हंजे धंदा चालू?" शेठनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"अन् इशारा किती दिवस राह्यते?"

मी म्हटलं, कायमचा. फाईलमध्ये राहतो. पुढची निविदा भरताना तो जाहीर करावा लागेल.

"मंग लिव जा दर वेळी," ते म्हणाले. कागद माझ्याकडे परत दिला, चपला घातल्या आणि डेपोच्या लिलावाला निघून गेले.

मी अंगणवाड्यांच्या कपाटांची निविदा उघडली. मुदतीचे चारच दिवस उरले होते. तक्त्याच्या पहिल्या अटीपुढे काही लिहिण्याआधी मी मिस्त्रींना आत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली.